सुमनचा डबा कुणी सुरू केला?

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर खोटारडा म्हणत आलो. आठवी शिकलेला माणूस मी, साखर कारखान्यात फिटर होतो. मशीन आपोआप सुरू होत नाही, कुणीतरी बटण दाबतं — एवढंच मला कळतं. म्हणून तर हे लिहितोय.

जयपूरला जगतपुऱ्यात मुलीकडे राहतो. वर्षा इथं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. माझी बायको सुमन दिवाळीनंतर गेली. आजारपणात ती वर्षाच्या कॉम्प्युटरमध्ये बोलून ठेवायची... भाज्या, लोणची, माझ्या तक्रारी. मी ऐकलं नव्हतं. हिंमतच नव्हती.

वर्षाचं काम कंटेनरचं. एकेक सॉफ्टवेअर आपापल्या डब्यात बंद. तिचा प्रोग्रॅमच ते डबे उघडतो, थांबवतो, आतल्या सामानासकट टाकून देतो. त्यासाठी दुसऱ्यांनी लिहिलेली तयार लायब्ररी मिळते म्हणे. म्हटलं, "म्हणजे पाना दुसऱ्याचा, नट तू फिरवायचा." हसली.

एके दिवशी दुपारी चार वाजता चहा घेऊन ती कॉम्प्युटरपाशी बसली, प्रोग्रॅम चालवला — थांबलेले डबे टाकून दे, चालू असलेल्यांना हात लावू नको. आणि एकदम पांढरी पडली.

"आप्पा... आईचा आवाज डब्यातच होता. बाहेर कॉपी नाही."

"आणि तो डबा?"

"थांबलेला. आई गेली त्या दिवशी मीच बंद केला."

"पोरांना काय शिकवतेस गं तू?"

बोललो, आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो.

तिनं यादी काढली. सगळे थांबलेले डबे गेले होते. सुमनचा होता... चालू. प्रोग्रॅम चालवायच्या चार मिनिटं आधी सुरू झालेला. तेव्हा आम्ही दोघं स्वयंपाकघरात चहा गाळत होतो, घरात तिसरं कुणी नाही. आपोआप सुरू व्हायची सोय त्या डब्याला नव्हतीच, वर्षा शपथेवर सांगते. तिच्या कॉलेजातल्या सरांनीही येऊन तासभर बघितलं.

"काकाजी, कुछ तो हुआ होगा."

"वो तो मैं भी बोल रहा हूँ," मी म्हटलं.

आवाज तीन पेनड्राइव्हवर घेतला. मग मी ऐकला. शेवटी माझ्यासाठीच होतं — "अहो, फोडणी जाळू नका. वर्षा दमून येते, वरण-भात तुम्हीच लावत जा. जमेल तुम्हाला."

आता रोज लावतो. वर्षा म्हणते, मीठ कमी पडतं. पडू दे, उद्या बघू.

परवा तिनं विचारलं, "आप्पा, कॉपी झालीय, आता तो डबा थांबवू?"

म्हटलं, राहू दे. कुणी सुरू केला ते कळत नाही, तोवर आपण कोण थांबवणारे?