बिननावाची पुडी

"आपण बा जन्मात कोणाचं वाईट केलं नाही," असं म्हणणाऱ्या माणसांचा मला भारी राग येतो. पंधरा वर्षं मीही तेच म्हणत फिरलो ना, म्हणून.

सरकारी फॅक्टरीच्या दवाखान्यात मी औषधं द्यायच्या खिडकीवर होतो. कागदावर फार्मासिस्ट, पण क्वार्टरांच्या लायनीत सगळे मला डॉक्टरसाहेब म्हणत आणि मी कधी कोणाला टोकलं नाही. टोकणार काहून? ऐकायला गोड लागत होतं. लायनीतली अर्धी घरं आमच्यासारखीच नागपूर-भंडाऱ्याकडून आलेली, घरात मराठी आणि दाराबाहेर पाय टाकला की हिंदी. कोणाचं डोकं दुखो, कोणाचं पोट बिघडो, खरा डॉक्टर राहायचा बाजूला आणि माणूस आधी माझ्या दारात. "भैया, एक गोली दे दो." मी द्यायचो. नाही म्हणायला जीभच वळत नव्हती.

तेव्हा दवाखान्यात बऱ्याचशा गोळ्या मोठ्या बरण्यांतून सुट्या द्यायच्या. जुन्या फॉर्मचा कागद चौकोनी फाडायचा, गोळ्या मधे ठेवायच्या, चार घड्या घातल्या की पुडी तयार. पुडीवर औषधाचं नाव लिहावं असा नियम होता. मी लिहीत नव्हतो. गोळी पाहिली की ओळखतो, हा माझा तोरा. उरल्यासुरल्या पुड्या मी घरी आणून बिस्किटाच्या डब्यात टाकायचो. ते सरकारी औषध होतं, घरी आणायचं नव्हतं, हे काय मला माहीत नव्हतं? पण सगळेच काही ना काही आणत. कोणी बोल्ट आणे, कोणी चिंध्या. मी गोळ्या आणायचो आणि वरून पुण्याचं काम करून राहिलो असं समजायचो.

माझी धाकटी बहीण आमच्याच लायनीत दोन घरं सोडून राहायची. नवरा लवकर गेला, त्याच्या जागेवर तिला नोकरी लागली. एकच पोट्टी. तिचं सगळं मी केलं: शाळेत नाव घालणं, सायकल शिकवणं, आणि ज्युडोला नेणंही. गोहलपुरात एका लेथच्या कारखान्यावर वरच्या मजल्यावर एक मास्तर शिकवायचे. खाली लोखंड कापल्याचा आवाज आणि वर पोरी एकमेकींना गादीवर आपटून राहिल्या. पहिल्या दिवशी तिला कोणीतरी धाडकन आपटलं तेव्हा मीच ओरडलो. ती उठली आणि म्हणाली, "मामाजी, आप बाहर बैठो ना." 

बाविसाव्या वर्षी ती बावन्न किलोच्या गटात राष्ट्रीय स्पर्धेला निघाली. तिच्यासाठी हे साधंसुधं नव्हतं. तिथे पदक आलं तर खेळाच्या कोट्यातून सरकारी नोकरी होती आणि वयाची अट पुढच्या दोन वर्षांत संपत होती. बहिणीने तिच्या जेवणाचं वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं. 

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी पोट्टी माझ्याकडे आली. "मामाजी, छातीत जळजळ होऊन राहिली." मी खाटेवरूनच हात लांब केला, डबा घेतला, एक पुडी काढली, उघडून पाहिली, पांढऱ्या बारक्या गोळ्या. "दोन दिवस एक-एक घे. आजच्या आज बरं वाटते." तिने विचारलं का, कायची गोळी आहे? नाही विचारलं. मास्तरांनी त्या पोरींना हजारदा सांगितलं होतं, विचारल्याशिवाय काही तोंडात टाकायचं नाही. पण हा बाहेरच्यांसाठीचा नियम. मामा काय बाहेरचा आहे?

पदक आलं, रुपेरी. स्टेशनवर ढोल नेला होता आम्ही. परत येताना ऑटोत ती हसत हसत सांगून राहिली होती, "तुमच्या गोळीने काय केलं मामाजी, जाताना गाडीत सारखी लघवीलाच पळत होती मी." सगळे हसले. मीही हसलो. त्याच आठवड्यात माझी बायको म्हणाली, "पायाची सूज काहून उतरून नाही राहिली? डब्यातली गोळी तर रोज घेते." मी म्हटलं, मीठ कमी खा.

दोन्ही गोष्टी माझ्या कानावर आल्या होत्या. तीस वर्षं औषधं देणारा माणूस मी, मला त्या जोडता आल्या नाहीत, यावर कोण विश्वास ठेवेल? मी जोडल्या नाहीत, कारण मला जोडायच्या नव्हत्या.

दीड महिन्याने पत्र आलं. लघवीच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं, लघवी वाढवणारं. वजन पटकन उतरवायला खेळाडू ते चोरून घेतात, नाहीतर दुसरं काही औषध अंगातून धुऊन काढायला. पत्र इंग्रजीत होतं, दोघी मायलेकींचं इंग्रजी कच्चं, म्हणून बहीण ते घेऊन माझ्याकडे आली. औषधाचं नाव वाचलं आणि मी पत्राची घडी घातली. ते नाव मी दवाखान्याच्या रजिस्टरात रोज दहा वेळा लिहायचो. ती आमच्या दवाखान्यातली अंगातलं पाणी काढायची गोळी होती, सुजेवरची, माझ्या बायकोची.

बहीण गेल्यावर मी डबा उघडला. डब्यातल्या बायकोच्या कोपऱ्यात जी पुडी होती तिच्यात अजून जळजळीच्या गोळ्या उरल्या होत्या. म्हणजे त्या पुड्यांची अदलाबदल झाली होती आणि ती मीच केली होती. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, दोन्ही बारक्या, आणि नाव कशावरच नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर बैल दुसऱ्याचा होता.

संध्याकाळी पोट्टी आली. सरळ विचारलं तिने, "मामाजी, ती गोळी कायची होती?"

"अॅसिडिटीची. अजून कायची राहीन?"

"पक्का?"

"तीस वर्षं झाली मला या धंद्यात," मी तिच्यावरच भडकलो. तिला माझ्या भडकण्यावरून काही कळायला पाहिजे होतं, पण तिला वाटलं, आपण मामाजींचं मन दुखवलं. म्हणाली, "सॉरी."

एवढासा शब्द मला आजही झोंबतो.

मग वकील केले. त्यांनी नीट समजावलं. अंगात जे सापडलं त्याला खेळाडूच जबाबदार, मुद्दाम घेतलं की चुकून गेलं, तरी दोष लागतोच. पण हे औषध कुठून आलं हे पुराव्यानिशी दाखवलं आणि खेळाडूने लबाडी केली नाही हे पटलं, तर शिक्षा खूप कमी होते, कधी काही महिन्यांवर येते. "म्हणून आधी स्रोत पाहिजे," ते हिंदीत म्हणाले. "लडकी कहती है, मामाजी ने एक गोली दी थी. आप शपथपत्र दे दीजिए, कौन सी गोली थी."

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. दवाखान्याचं औषध घरी नेलं म्हणून चौकशी बसली असती, पेन्शन अडकली असती. लोकांना मी पुढे हेच कारण सांगितलं असतं, आणि लोकांना ते पटलंही असतं. पण खरं सांगतो, पेन्शनची भीती नंतरची. आधी मला दिसली ती आमची लायन. डॉक्टरसाहेबांनी भाचीला चुकीची गोळी दिली, असं म्हणून राहिलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूठ झाकली.

कचेरीत जाऊन शपथपत्र केलं. त्यात लिहिलं, मी भाचीला बाजारातून आणलेली आम्लपित्ताची एक साधी गोळी दिली होती, तिच्यात बंदी असलेला कोणताही घटक नव्हता, मी इतकी वर्षं या कामात आहे, माझी चूक होणं शक्य नाही. शेवटचं वाक्य कोणी मागितलंही नव्हतं.

सुनावणीला ती आणि बहीण दिल्लीला गेल्या. मी सुटी नाही म्हणून सांगितलं. सुटी होती.

निकाल आला तोही इंग्रजीत, पंधरा-सोळा पानांचा. पुन्हा माझ्याच घरी, माझ्याच हातात. बहीण खुर्चीवर, पोट्टी खाली चटईवर. "वाचून सांग दादा." मी एक-एक परिच्छेद वाचून मराठीत सांगत गेलो. मधे एक परिच्छेद आला. खेळाडूच्या मामाचं शपथपत्र समितीने काळजीपूर्वक पाहिलं, ते अनुभवी आहेत, खोटं बोलण्याचं त्यांना काही कारण दिसत नाही. त्यांनी दिलेल्या गोळीतून हे औषध गेलं नाही हे मान्य करावं लागतं. मग ते कुठून आलं हे खेळाडू सांगू शकलेली नाही, आणि तिच्या सांगण्यावर समितीला विश्वास ठेवता येत नाही.

मी तो परिच्छेद गाळला. पान उलटलं आणि शेवट वाचला. दोन वर्षं बंदी. पदक परत.

समितीला मी दोष देऊ तरी काय? त्यांच्यापुढे दोन माणसं होती, एक खरं बोलणारी आणि एक खोटं बोलणारा. खोटं बोलणाऱ्याकडे अनुभव होता.

पदक पोस्टाने परत पाठवायचं होतं. पोट्टी म्हणाली, "मामाजी, तुमची घडी छान येते, तुम्हीच बांधा." मी खाकी कागदात ते पदक बांधलं, कोपरे दाबून, चार घड्या घालून. त्याच्यावर मात्र नाव नीट लिहिलं.

कोट्यातली नोकरी हुकली, वयाची अट सरली. गोहलपूरच्या मास्तरांवरही लोकांनी शंका घेतली की तेच पोरींना काहीबाही खाऊ घालतात, आणि चार घरांनी पोरी काढून घेतल्या. पण सगळ्यात वाईट झालं ते बहिणीच्या घरात. बहिणीला वाटे, भाऊ खोटं बोलणार नाही, कागदावर शपथ घेऊन तर नाहीच. मग पोरीनेच काहीतरी घेतलं असणार. भांडण नाही, आदळआपट नाही. फक्त मधेच कधी तरी, भाजी निवडताना, केस विंचरताना, "खरं सांग बेटा, कोणी दिलं होतं? मी रागावणार नाही." पोट्टी म्हणायची, "आई, मी काहीच नाही घेतलं." बहीण मान हलवायची आणि पुन्हा भाजी निवडायला लागायची. 

दर पौर्णिमेला आम्ही विहारात जातो. पंचशील म्हणताना चौथं शील येतं, खोटं न बोलण्याचं. तेव्हा माझा आवाज आपोआप खाली जातो. बाजूला बहीण बसलेली असायची आणि ती खणखणीत म्हणायची. चार वर्षांमागे ती गेली. शेवटच्या आजारातही तिने लेकीला एकदा विचारलं. मी उशाशी होतो, संत्रं सोलत. 

पोट्टी लग्न होऊन मझौलीला गेली, तिथे शाळेत खेळ शिकवते. निवृत्तीनंतर मी चेरीतालला घर घेतलं. त्या निकालानंतर ती औषधाला इतकी भ्यायली की साधी तापाची गोळीही मला दाखवल्याशिवाय घेत नाही. फोनवर फोटो पाठवते, नाहीतर बसने येते. नवरा चिडवतो तिला, तर म्हणते, "दुनिया में एक मामाजी पर भरोसा है मेरा." हे ती माझ्यासमोर म्हणते, आणि मी चहा पितो.

मागच्या महिन्यात रविवारी दुपारी आली. तिची नऊ वर्षांची मुलगी ज्युडोत जिल्ह्यासाठी निवडली गेली होती आणि खोकत होती. पिशवीतून तिने खोकल्याच्या औषधाची बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. "बघा ना मामाजी, याच्यात तसलं काही नाही ना? तुम्ही हो म्हणा, मग देते."

मी चष्मा लावला. लेबल वाचलं, एकदा, दोनदा. साधं औषध होतं. मुलगी अंगणात उड्या मारून राहिली होती. हो म्हणायचं होतं, बस, एक शब्द. आणि तो माझ्याच्याने निघेना.

"याच्यात काही नाही बेटा," मी म्हटलं. "त्या पुडीत होतं."

"कोणत्या पुडीत?"

मग मी सांगितलं. डबा, बायकोची सूज, शपथपत्र, गाळलेला परिच्छेद, सगळं. रडलो नाही, रडायचा हक्क नव्हता मला. ती उभी होती ती हळूच खुर्चीवर बसली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. दोन वर्षांच्या बंदीचं ती काही बोलली नाही, नोकरीचं नाही, पदकाचंही नाही.

"आई मरेपर्यंत मला विचारत राहिली," ती म्हणाली. "आणि तुम्ही तिथंच बसले राहत होते, मामाजी."

मी काही बोलायच्या आत तिने माझ्या हातातून बाटली घेतली, झाकण घट्ट केलं, मुलीला हाक मारली आणि चपला घातल्या. मी फाटकापर्यंत मागे गेलो. तिने वळून पाहिलं नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधाचं दुकान आहे, नवीनच झालेलं, त्या दुकानदाराला ती ओळखतही नाही. ती तिथे थांबली, पिशवीतून बाटली काढली आणि त्याच्यापुढे धरून त्याला विचारू लागली.