भाकरीवर दुखणं मोजणाऱ्या सिस्टर

रविवारी दुपारी हिनं आणि मी वॉर्डातल्या खाटेवर बसून ओला हरभरा सोलला. घाटे तिच्या मांडीवर, ताट माझ्या हातात. संध्याकाळी ती गेली. बेचाळीस वर्षं संसार केलेली बायको, तिच्याबद्दल लिहायला मला जमणार नाही. पण ती दुपार कण्हण्यात न जाता हरभरा सोलण्यात गेली, ती ज्या बाईमुळं, तिच्याबद्दल लिहितो. नाशकात डॉक्टर पुष्कळ, मशिनं पुष्कळ. पण जिला दुसऱ्याच्या अंगातलं दुखणं डोळ्यांनी दिसतं अशी बाई मी एकच पाहिली. आमच्या कॅन्सर वॉर्डातल्या सिस्टर.

सिस्टर संशोधन करायच्या. मी चौथी शिकलेला, मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलून म्हातारा झालेला माणूस. मला वाटायचं, संशोधन म्हणजे बाटल्या, उंदीर, धूर. यांच्याकडं काय, तर एक वही आणि एक पत्र्याचं स्टूल! ते काखोटीला मारून त्या वॉर्डभर फिरत. म्हणत, "उभ्या माणसाला पेशंट खरं सांगत नाही, बाबा. त्याला वाटतं, हिला जायची घाई आहे." विचारायची खोड तर इतकी, की एकदा औषध आणायला आम्ही रिक्षानं निघालो आणि द्वारका चौकात सिग्नलला अडकलो, तर यांनी रिक्षावाल्याच्याच दुखऱ्या कंबरेची चौकशी मांडली. कळ येते, का चमक मारते, का नुसतं ठणकतं? सिग्नल सुटला, मागं भोंग्यांचा कल्लोळ उठला, आणि हा बाबा मान वळवून सांगतोय, "ठणकतं, ताई. पण सकाळचं येगळं ठणकतं."

कॅन्सर वॉर्डाआधी त्या हृदयाच्या वॉर्डात होत्या. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन पुढं हृदयाच्या झडपा खराब झालेली माणसं तिथं असत. येवल्याची एक पैठणी विणणारी बाई होती म्हणे. दम लागतो का विचारलं, की "नाय" म्हणायची. सिस्टरनी विचारलं, "मागावर बसून एका दमात किती गाणी होतात?" बाई म्हणाली, "आधी तीन व्हायची. आता एक बी पुरं होत नाय." झालं! मोठे डॉक्टर जेवण टाकून धावत आले.

आता आमच्या हिचं सांगतो. वॉर्डात रोज विचारायचे, दुखणं दहापैकी किती? ही पंगतीत वाढप्यापुढं हात आडवा करावा तशी म्हणायची, "एकच. पुरे." औषधही मग एकाचंच मिळायचं. मी गाढव, मला बरं वाटायचं, एकच आहे! सिस्टरनी मात्र हिच्या पदराचा काठ उचलून बघितला. चावून चावून जाळी झाली होती. मी शेजारी बसून ते पाहिलं नव्हतं.

त्यांनी स्टूल ओढलं. दुखण्याचं नावच काढलं नाही. "मावशी, आत्ता चुलीपुढं बसवलं तर किती भाकरी थापाल?"

ही विचारात पडली. भाकरीच्या बाबतीत ती खोटं बोलणारी नव्हती. "एक होईल. दुसरी हातातच मोडंल."

त्याच दिवशी औषध वाढलं. तेव्हापासून रोज सिस्टर भाकरी विचारत आणि वहीत मांडत. दोन झाल्या, चार झाल्या. मोठे डॉक्टर हसले, "सिस्टर, हे संशोधन परदेशात छापलं तर कुणाला कळणार?" या म्हणाल्या, "सर, ते जे थापत असतील ते विचारतील."

रविवारी सिस्टरना सुट्टी. हरभरा सोलता सोलता मीच विचारलं, "आज किती गं?" ही म्हणाली, "आज सगळ्यांच्या होतील. अगदी नवी आले तवासारख्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊबंद ओरडले, "आरं, सुतकात कुठं निघाला?" बस धरून वॉर्डात गेलो. वहीत हिच्या रविवारचा रकाना कोरा होता. लोक म्हणणार, बाई तळमळत गेली. ते खोटं मला चालणार नव्हतं.

"लिहा," मी म्हणालो. "सगळ्यांच्या."

सिस्टरनी पेन उघडलं. डोळे पुसले. "सगळ्यांच्या म्हणजे किती, बाबा? आकडा लागतो."

मी बोटांवर मोजलं. ही नवी आली तेव्हा घरात आई, बाप, तीन भाऊ, दोन बहिणी आणि मी. "आठ माणसं. माणशी एक धरली तरी आठ."

सिस्टर लिहायच्या थांबल्या. "आणि मावशी?"

मी बोटांकडं बघत राहिलो. सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी ती काय खायची, किती खायची, खरंच सांगतो, मला माहीत नव्हतं.

"धरा," मी म्हणालो. "तिलाही धरा. नऊ."

आणि त्यांचं लिहून होईपर्यंत तिथंच उभा राहिलो.