तीन-दोनची जागा

गणिताच्या हिरेमठ बाईंनी वर्षभर मला नावानं हाक मारली नाही. कुणालाच मारली नाही. पाच आडव्या ओळी आणि प्रत्येक ओळीत पाच मुली, असा त्यांनी आमचा वर्ग बसवला होता. तिसऱ्या ओळीत डावीकडून दुसरी बसणारी मी म्हणजे ‘तीन-दोन’. नव्या अभ्यासक्रमात मॅट्रिक्सचा धडा आला होता आणि सोलापुरातल्या बऱ्याच शाळा तो सर्रास ऑप्शनला टाकत होत्या. मुलींच्या शाळेत तर तो टाकायलाच हवा, असं सगळ्यांचं मत होतं. बाईंचं नव्हतं, एवढंच.

बाई अक्कलकोटकडच्या. उंच, काटकुळ्या, पदर कायम खोचलेला. रागावल्या की शुद्ध मराठी बाजूला पडायचं. आधी आमच्यातल्या तेलुगू मुली तेलुगू मुलींजवळ बसायच्या, कानडी कानडींजवळ, मुसलमान मुली मागं. “नाव ऐकलं की गल्ली कळतीय आणि गल्ली कळली की बाक ठरतंय. हितं आकड्याला गल्ली न्हाय,” असं म्हणून बाईंनी सगळ्यांना उठवलं. त्या उलथापालथीत माझ्या शेजारी रेहाना आली, आणि पहिल्याच दिवशी तिनं माझी पेन्सिल ढापली.

रोज प्रत्येकीनं घरून एक आकडा आणायचा. बाई ते आकडे आमच्या जागांप्रमाणे फळ्यावर मांडून दोन्ही बाजूंना मोठे कंस घालायच्या. मग आजच्या चौकोनाला कालच्यानं गुणायचं, आणि नंतर कालच्याला आजच्यानं. दोन्ही उत्तरं वेगळी आली की आम्ही हबकायचो. “क्रम बदलला की उत्तर बदलतंय. म्हणून आपली जागा सोडायची न्हाय,” बाई डस्टरनं टेबल ठोकत म्हणायच्या.

दिवाळीनंतर आई आजारी पडली. वडील मागावर कामाला होते, पण घर खरं चालायचं आईच्या विड्यांवर. पोरीनं दहावीचं तोंड पाहिलं, पुष्कळ झालं, आता विड्या वळ, असं म्हणून वडिलांनी माझी शाळा बंद केली. मांडीवर तेंदूच्या पानांचं सूप घेऊन मी बसले आणि आतल्या आत धुमसत राहिले.

संध्याकाळी रेहाना आली ती नाचतच. “तू नै आई तो बाईने तेरी जगा पे शून्य लिखे. गुणाकार एकदम सोपा हुआ की!”

माझं डोकं सणकलं. मी नाही म्हणून सगळा वर्ग खूश! हातातली कात्री खाली ठेवून मी म्हटलं, “उद्या बाईंना माझा आकडा सांग. वजा सतरा छेद एकोणीस.”

दुसऱ्या दिवशी ती तोंड फुगवून आली. अख्ख्या वर्गानं मला शिव्या घातल्या होत्या आणि बाई म्हणे खो-खो हसल्या होत्या. मग मी रोज एकाहून एक छळवादी अपूर्णांक पाठवू लागले. रेहाना त्याचे गुणाकार आणून माझ्यापुढं टाकायची, आणि मी विड्या वळता वळता ते सोडवायची. माझं मॅट्रिक्स मी असं शिकले.

एकदा मोठ्या बाई वर्गात आल्या. गैरहजर मुलीचं नाव कापा, तिथं दुसरी बसवा आणि हा धडाही सोडून द्या, पालकांच्या तक्रारी आहेत, असं त्यांनी बजावलं. हिरेमठ बाईंचं उत्तर रेहानानं मला साभिनय ऐकवलं. “नाव तुमी कापा, तो तुमचा अधिकार हाय. जागा मी बुजवणार न्हाय. शून्य असू दे, पण जागा पायजे. ती काढली तर मॅट्रिक्सच राहत न्हाय. पटत नसंल तर मला काढा.”

हे ऐकायला नेमके वडील दारात उभे होते. शाळेनं पोरीचं डोकं फिरवलंय, म्हणत त्यांनी रेहानाला परत यायचं नाही म्हणून सांगितलं.

म्हणजे उद्यापासून शून्य. सकाळी शाळेची वेळ झाली तशी मी सूप बाजूला ठेवलं आणि उठले. “माझा आकडा मी स्वतः देऊन येते.” वडील ओरडले. आई अंथरुणातूनच म्हणाली, “पोनी.” आमच्या तेलुगूत, म्हणजे जाऊ दे. “संध्याकाळी वळेल ती.” मी चपलाही घातल्या नाहीत.

फळ्यावर माझ्या जागी शून्य होतं. बाईंनी माझ्याकडं पाहिलं, पण हसल्या नाहीत. “तीन-दोन, किती उशीर? ये, पूस ते शून्य.” मी पुसलं आणि तिथं जमेल तेवढा भयंकर अपूर्णांक लिहिला. वर्ग कळवळला. बाई फळ्याकडं तोंड करून पदरानं चष्मा पुसत राहिल्या. त्यानंतर माझ्या घरच्यांनी मला पुष्कळदा अडवलं, पण घरी काही बसवता आलं नाही. पुढं आयुष्यभर मी गणितच शिकवलं.

गेल्या वर्षी बाई गेल्या. शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा होती. मी सरळ तिसऱ्या ओळीत गेले. डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते.

“इतक्या खुर्च्या रिकाम्या आहेत की,” ते म्हणाले.

“त्या माझ्या नाहीत,” मी म्हटलं आणि त्यांना उठवलं.