आधी स्वयंपाकघर

सणाच्या सफाईला घरात पाऊल टाकलं की ती आधी दाराच्या चौकटीवरून, अगदी वरून, बोट फिरवायची आणि ते काळं बोट आपल्या नाकासमोर धरायची. "बघा वहिनी, हे तुमचं घर." एवढं बोलून पदर खोचायची. असा राग यायचा म्हणून सांगू! आपण रोज दोनदा केर काढायचा आणि या बाईने येऊन आपलंच घर आपल्याला दाखवायचं.

बहात्तरच्या दुष्काळात ती जालन्याकडून पिंपरीला आली. कारखान्यात झाडायला होती, वर्षभरात तिला कमी केलं. त्याच सुमाराला चिंचवडची आमची कामगार वसाहत उभी राहिली. किल्ली मिळाली म्हणून हौसेने दार उघडलं, तर फरशीवर चुन्याचे ओघळ आणि सिमेंटचे खडे. मी कपाळाला हात लावून जिन्यात बसले. ती बादली घेऊन काम विचारत वर येत होती. संध्याकाळपर्यंत फरशीत तोंड दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीने बोलावलं, मग खालच्या मजल्याने, आणि दोन वर्षांत तिच्या हाताखाली तिच्याच वस्तीतल्या चार बायका होत्या.

तिचा नियम एकच. "आधी स्वयंपाकघर." ओट्यावर आणि खिडकीच्या गजांवर सोड्याचं कढत पाणी मारून ठेवायचं. तोवर बाकीच्या खोल्यांची जळमटं काढायची, मग परत यायचं. नव्या बाईला ती हेच पहिलं शिकवायची. "चिकट्याला घाई चालत नाही गं. त्याला मऊ होऊ द्यावं."

घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात अख्ख्या वसाहतीला तीच हवी असायची. एका वर्षी पहिला नंबर माझा होता. सासूबाई नुकत्याच गावाहून राहायला आल्या होत्या. म्हणाल्या, "बौद्ध आहे ना ती? बाकीचं घर करू दे. चुलीपाशी नको."

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते, विचारा कुणालाही. त्या दिवशी मात्र मी दारात उभी राहून तिला तस्संच सांगितलं. मागे तिच्या चौघी बादल्या घेऊन उभ्या. शेजारणी आपापल्या दारातून बघतायत.

"कामून?" तिने विचारलं.

"स्वयंपाकघर सासूबाई करणार आहेत."

"मग सगळंच त्यांना करू द्या, वहिनी." आणि ती वळली.

झालं! शेजारणींनाही कंठ फुटला. आमचंही स्वयंपाकघर सोडून कर म्हणाल्या. तिने एकेक घर नाकारलं. जिन्यात तिची एक बाई रडायला लागली, "अगं, सणाचंच तर काम असतं आपल्याला. एक खोली सोडली तर काय बिघडतंय?"

"आज खोली सोडली तर उद्या उंबऱ्याबाहेर बसवतील," ती म्हणाली. मी दाराआडून ऐकत होते. दार उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

त्या वर्षी तिला तिच्या अटीवर वसाहतीत एकही घर मिळालं नाही. आम्ही सासू-सुनांनी घर केलं. गजांचा चिकटा काही निघाला नाही, आणि मी स्टुलावरून पडले ते वेगळंच.

पुढच्या वर्षी मीच तिच्या वस्तीत गेले. तिच्या दारात उभी राहून म्हटलं, "आधी स्वयंपाकघर."

"आणि सासूबाई?"

"त्या बोलतील, मी ऐकून घेईन."

ती आली. सासूबाई दिवसभर पाठ फिरवून बसल्या, पाण्याचा घोट घेतला नाही. पण आमचं झाल्यावर शेजारणींची तोंडं बंद झाली, त्यांनीही तिला स्वयंपाकघरासकट बोलावलं. मग निगडीचे बंगले आले, बायका बारा झाल्या. मी उगाच नाक वर करून फिरायचे. हे सगळं माझ्यामुळे, असं वाटायचं मला.

काम संपलं की मी त्या सगळ्यांना जिन्यात चहा द्यायचे. त्यांच्यासाठी सासूबाईंनी वेगळे कप बाहेरच्या कोनाड्यात ठेवले होते. सासूबाई वारल्या, कप तिथेच राहिले. बाकीच्या बायका घ्यायच्या. ही दर वेळी म्हणायची, "आत्ताच घेऊन आले, वहिनी." मला वाटायचं, हिला चहा आवडत नसेल.

गेल्या वर्षी काविळीने ती गेली. मी तिच्या घरच्यांना भेटायला गेले, पहिल्यांदाच तिच्या घरात बसले. तिची सून चहा घेऊन आली आणि कप पुढे करता करता थबकली.

"ताई, आमच्याकडचा चालेल ना?" मग आपणच म्हणाली, "आमच्या सासूबाईंना लई लागायचा चहा. दिवसाला सहा-सहा कप."

इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. मी दोन्ही हातांनी कप घेतला. माझ्या स्वयंपाकघरातला चहाचा डबा दर वर्षी तिच्या हातात असायचा. घासूनपुसून, झाकण घट्ट लावून ती तो परत जागेवर ठेवायची.