पिंजाऱ्याचं नाव

आमचा बशीरभाई पिंजारी म्हणजे एक नंबरचा हट्टी माणूस. खांडबाऱ्याच्या बाजाराला माझ्या कापडदुकानाच्या ओट्यावर बसून गाद्या शिवतो, आणि सहा वर्षं झाली, एकच विचारतो, "नवनीतशेठ, दानियलकडचे दिसले का हो कुणी?"

त्याचं असं झालं. डोंगरातल्या एका पाड्यावर हा गाद्या भरायला गेलेला. तिथल्या रूथला अवचित कळा सुरू झाल्या आणि नवरा, म्हणजे दानियल, कामाला सुरतेत. बशीरभाईनं नवीकोरी गादी आपल्या लोडिंग रिक्षात अंथरली, रूथला झोपवलं, सासू ठकुबाईला सोबत घेतलं. दवाखाना कुठला गाठतोय! पोरगा वाटेतच, त्या गादीवर झाला. दानियलला फोनही यानंच केला. ठकुबाईनं तिथंच ठरवलं, "याचं नाव बशीर!"

चर्चमध्ये पोराचं नाव ठेवताना पाळकांनी बशीरभाईला विचारलं, नावाचा अर्थ काय? घ्या! साठीचा माणूस, पण स्वतःच्या नावाचा अर्थ माहीत नाही. पुतणी हुमाला फोन लावला. ती म्हणाली, "अरबी आहे चाचा. आनंदाची बातमी आणणारा." पाळक हसले, "मग अडलं कुठं?" आणि बशीर दानियल वसावे असं लिहून टाकलं.

वर्षाच्या आत ती माणसं गुजरातेत कामाला गेली ती गेलीच. फोनही लागेना. बशीरभाईला मूलबाळ नाही. दर हिवाळ्यात हा त्या पोरासाठी छोटी गादी शिवतो, अंदाजानं वीतभर वाढवून. पोर काही येत नाही, गादी दुसऱ्याच कुणाच्या घरी जाते.

मी एकदा चिडलोच. "कशाले जीव जाळी ऱ्हायना भो?"

तर म्हणाला, "शेठ, अम्मी गेल्यापासून मला नावानं हाक मारणारं कुणी नाही. सगळ्यांचा मी भाई नाहीतर चाचा. मदिना बायको, ती कशी नाव घेणार? त्या पोराला कुणी हाक मारताना एकदा ऐकायचंय, बस." मी उगाच कापडाचे तागे रचत बसलो.

परवाच्या बाजारात भजीच्या गाडीकडून बाईचा आवाज आला, "ए बशीर! मेल्या, हात सोडून कुठं पळतोस? इकडे ये आधी!"

रूथच ती. पोरगं खिदळत गर्दीत शिरलेलं. आणि इथं माझ्या ओट्यावर बशीरभाई ताडकन उठला. मांडीवरची यंदाची गादी खाली पडली, तिचंही भान नाही.

"आया अम्मी," म्हणाला.