शोकाकुल मंडळींचे फोटो

माझी बायको गेली, तिच्या दहाव्यानंतर बीडमधल्या एका मंगल कार्यालयात शोकसभा झाली. प्रत्येक वक्ता माईकसमोर आला, डोळ्याला रुमाल लावला आणि तिच्या संस्थेला देणगी जाहीर करून खाली उतरला. प्रत्येक देणगीला टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, कारण मीही वाजवत होतो.

संस्था म्हणजे बसस्टँडमागे, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एक कॅमेरा, एक कॉम्प्युटर. ऊसतोड करणाऱ्यांच्या मुली, गॅरेजवाल्यांची आणि फळगाडीवाल्यांची मुलं तिथे फिल्म करायला शिकत. ज्यांच्यावर इतर लोक फिल्म करून बक्षिसं घेतात, त्यांनी स्वतःच कॅमेरा धरावा, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. संस्थेतलं माझं काम फिल्ममधल्या पाट्यांचं शुद्धलेखन तपासणं. ती गेल्यावर मला सचिव केलं. इथे पदं अशीच घरातल्या घरात फिरतात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही.

जाहीर देणग्या गोळा करायला मी निघालो. एकाने मला चहा पाजला आणि खऱ्या आश्चर्याने विचारलं, "सर, जाहीर केलं न्हाई का आपण? सगळ्यांसमोर केलं की!" त्याच्या लेखी व्यवहार तिथेच पुरा झाला होता. दुसरा म्हणाला, रोख द्यायला जमणार नाही, पण कपिलधारच्या फाट्यावर मॅडमच्या नावाची कमान उभारू. कमानीखालून तिने कुठे जावं अशी त्याची कल्पना होती, ते मी विचारलं नाही. देणग्या देणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीच्या बाईंनी आमच्या फिल्म शेवटपर्यंत पाहिल्या. "छान आहेत," त्या म्हणाल्या, "पण यातल्या बायका हसतात फार."

भाडं थकलं होतं आणि घरमालकाला खोल्या मोबाईलच्या दुकानासाठी हव्या होत्या. त्याची घाई मला समजत होती, पण माझीही एक घाई होती. नांदूरघाटकडची एक मुलगी आमच्याकडे शिकत होती. तिने उसाच्या फडावर जाऊन आपल्या आईवर फिल्म केली होती. चित्रण झालं होतं, एडिटिंग अर्धं राहिलं होतं. तिचं लग्न नुकतंच झालेलं. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा हिशेबाने तिलाही दसऱ्यानंतर टोळीबरोबर कारखान्यावर जायचं होतं. खोल्या त्याआधी गेल्या असत्या तर फिल्म तशीच राहिली असती, आणि अशी राहिलेली गोष्ट पुढच्या हंगामात कुणी उघडत नाही.

वाट फ्लेक्सवाल्याने दाखवली. शोकसभेचा बॅनर त्यानेच केला होता. "सर, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला, "पण देणगी मागाल तर कुणी देणार नाही. फोटोचे पैसे घ्या. मॅडमचं वर्षश्राद्ध येतंय. मोठा बॅनर लावू. खाली ‘शोकाकुल’ लिहू आणि तिथे फोटोंची रांग."

मला वाईट वाटलं. मग मी होकार दिला.

फोटो येत गेले. पांढरा शर्ट, काळा गॉगल, गळ्यात सोन्याची साखळी. पुष्कळांच्या कानाला मोबाईल. मॅडम गेल्याची बातमी पलीकडे कुणाला तरी सांगत असावेत. जागा कमी पडली की फ्लेक्सवाला माझ्याकडे बघायचा आणि हलकेच म्हणायचा, "मॅडमला जरा लहान करू?" ताटाएवढा तिचा चेहरा शेवटी वाटीएवढा झाला.

बॅनर चौकात लागला त्या दिवशी ती मुलगी माझ्याबरोबर उभी होती. तिने बराच वेळ शोधलं.

"सर, ह्यात मॅडम कुठं हायेत?"

मी बोट दाखवलं.

"लई लोक आडवे आलेत," ती म्हणाली. "मॅडम असत्या तर म्हणल्या असत्या, फ्रेममधून बाजूला व्हा बरं."

त्याच दुपारी चौसाळ्याचे एक खत-बियाण्यांचे दुकानदार जिना चढून आले. त्यांनी फोटो दिला होता, पैसेही दिले होते, आणि रांगेत त्यांचा फोटो लावायचा आम्ही विसरलो होतो.

"आमी काय मेलतो का?" ते ओरडले. "त्यो आमच्या समोरचा दुकानदार दिसतोय, गॉगल घालून! अन् आमी कावून न्हाई?"

मी माफी मागितली. त्यांना माफी नको होती. त्यांना त्या बॅनरपेक्षा मोठा बॅनर हवा होता, त्यावर शोकाकुल ते एकटेच, आणि मॅडम वर कोपऱ्यात गोलात. संस्थेला त्यांनी आधीच्या दुप्पट दिले. आठवड्याभरात समोरच्या दुकानदाराचं दुःखही अनावर झालं. त्यानंतर कुणाकडे काही मागायची वेळ आली नाही. कुणाला तरी विसरलं की पुरे होई. दसऱ्याच्या आत खोल्यांचं वर्षभराचं भाडं भरून झालं.

या सगळ्या दिवसांत मी रोज दुपारी कॉम्प्युटरच्या मागे खुर्ची टाकून पुस्तक घेऊन बसायचो. पान उलटायचं राहून जायचं. फडावरच्या त्या चित्रणात माझी बायको मुलीच्या शेजारी उभी होती. ती दिसत नव्हती, पण मधूनमधून तिचा आवाज यायचा. "बोलू दे तिला, मध्ये बोलू नकोस." मुलगी तोच तुकडा पुढे-मागे करायची आणि तो आवाज पुन्हा पुन्हा यायचा. भाड्यासाठी मी एवढा का धावत होतो, याचं खरं उत्तर मी संस्थेच्या बैठकीत दिलेलं नाही.

टोळीची गाडी निघायच्या आदल्या दिवशी तिने मला पुरी फिल्म दाखवली. मी शेवटपर्यंत वाट पाहिली.

"मॅडमचा आवाज?"

"काढला, सर." ती म्हणाली. "त्यांनीच शिकवलं ना. कॅमेऱ्यामागं कोन हाय, ते कळू द्यायचं न्हाई."

"बरोबर केलंस," मी म्हणालो. "पुन्हा एकदा लाव."

तिने लावली. तिची आई फडात मोळीवर बसली होती. पदर सारखा करून ती बोलायला लागली आणि बोलताना कॅमेऱ्याच्या जरा उजवीकडे बघत राहिली. तिथे कोण उभं होतं, ते फिल्म बघणाऱ्याला कळायचं कारण नाही.