आधी वाळलेलं

आमचा फिन्टन कशालाच भीत नाही. वळूला भीत नाही, पाद्रीबाबाला तर मुळीच नाही, आणि पावसाला भिऊन आयर्लंडात राहताच येत नाही. भितो तो फक्त क्लोव्हर नावाच्या चाऱ्याला. त्या वीतभर उंचीच्या तीन पानांना, सहा फुटी बाप्या! लग्नाच्या दिवशी त्याच्या कोटातलं काहीतरी मला टोचलं म्हणून खिशात हात घातला, तर पोट फुगलेल्या गाईची हवा सोडायला पोटात खुपसायची पोलादी नळी निघाली.

"अरे, आज कशाला ही?"

"असू दे गं."

सव्वीस वर्षं झाली, अजून ती खिशातच असते.

कारण गावाला ठाऊक होतं. तो चौदा वर्षांचा असताना एका रविवारी घरचे चर्चमधून परतले, तर क्लोव्हरच्या कुरणात तीन गाई पोट फुगून, पाय ताठ करून मरून पडलेल्या. सासऱ्यांनी त्याच आठवड्यात सगळं क्लोव्हर नांगरून टाकलं. याहून जास्त फिन्टन कधी बोलला नाही. मी खोदून विचारलं की उठून गोठ्यात जायचा.

तेव्हापासून आमच्याकडे नुसतं रायगवत. गोणीतलं खत टाकलं नाही की ते पिवळं पडायचं, आणि हिवाळ्यासाठी मुरवून ठेवलेला चारा, मुरघास, इतका निकस, की जानेवारीत गाईंच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. शेवटी भांडभांड भांडून मी गोठ्यामागच्या सहा एकरांत नवं कुरण पेरलं. बी मीच निवडलं. चरायच्या भागात बारीक पानांचं पांढरं क्लोव्हर, कारण ते जमिनीलगत पसरतं आणि खुरांखाली टिकतं. मुरघासाच्या तुकड्यात उंच वाढणारं तांबडं. दोन्हीकडे जोडीला रायगवत. क्लोव्हरच्या मुळ्याच जमिनीला खत पुरवतात, म्हणून खताच्या गोण्या बंद केल्या, नाहीतर गवत माजतं आणि क्लोव्हरला ऊनच लागू देत नाही. फिन्टन फाटकाशी उभा राहून सगळं बघत होता.

"मारशील गाईंना एक दिवस," एवढंच म्हणाला.

त्याची अट एकच होती, आधी वाळलेलं. सकाळी दूध काढून झालं की गाईंपुढे वाळल्या गवताचे भारे सोडायचे. उपाशी गाय ओलं क्लोव्हर अधाशासारखं खाते आणि फुगते, म्हणून त्यांची पोटं भरली, दव उडालं, की मग फाटक उघडायचं, तेही कुंपणाची विजेची तार रोज थोडीशीच पुढे सरकवून, म्हणजे चरायला थोडंच मिळेल. आणि मग हा दोन तास फाटकाला टेकून एकेकीची डावी भकाळी, बरगडीमागचा तो खळगा, फुगतोय का ते न्याहाळत बसणार. शेजारचा मायलो गाडी थांबवून ओरडायचा, "काय रे, कोणती पसंत पडली?"

दोन वर्षांत एक गाय फुगली नाही. मला वाटायला लागलं, सगळी थेरं आहेत याची.

सप्टेंबरात दुसरी कापणी झाली होती, क्लोव्हर नुकतं कोवळं फुटलं होतं. फिन्टन दूध घेऊन डेअरीवर गेलेला. भारे माळ्यावर आणि माझा गुडघा ठणकत होता. म्हटलं, एक दिवस नाही घातलं तर काय आभाळ कोसळतंय? दव होतं तसंच फाटक उघडलं. उपाशी गाई तुटून पडल्या.

तासाभराने बाहेर आले. ड्रिमीन, आमची पाठीवर पांढरा पट्टा असलेली म्हातारी गाय, मान ताणून उभी होती. डावी भकाळी पाठीच्याही वर आलेली, जीभ बाहेर. तिच्यामागे आणखी चौघी फुगत चाललेल्या. बँट्री गावाहून गुरांचा डॉक्टर यायला तास लागतो, आणि गाईकडे दहा मिनिटंसुद्धा नव्हती.

तेवढ्यात फिन्टनचा ट्रॅक्टर आला. त्याने कुरणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाळलेलं घातलं होतंस?"

"हो," मी म्हणाले. भीतीने तोंडातून निघूनच गेलं.

ड्रिमीन कोसळली. फिन्टनने बरगडीमागे हाताने जागा मोजली आणि नळी खुपसली. हवा सुटेल म्हणून बघतो, तर नुसता हिरवा फेस, आणि त्याने नळीच बुजली. "सुरी आण!" तो किंचाळला. मी पाव कापायची सुरी आणली. त्याने डोळे न मिटता वीतभर चीर दिली. फेस फसफसत त्याच्या तोंडावर उडाला आणि गाईने श्वास घेतला. बाकीच्या चौघींना आम्ही फेस विरायला जवसाचं तेल पाजलं. डॉक्टरने येऊन टाके घातले. सगळ्या वाचल्या.

मी मात्र वाचले नव्हते. एरवी रात्रीतून दोनदा उठून गोठ्यात चक्कर मारणारा माणूस, तीन रात्री लहान मुलासारखा गाढ झोपला. मला त्याचीच जास्त भीती वाटली. मी छताकडे बघत पडून राहायची. खरं सांगितलं तर हा मला कधी माफ करेल का? आणि नाही सांगितलं तर?

चौथ्या सकाळी बघते तो ट्रॅक्टरला नांगर जोडलेला.

"वाळलेलं घालूनसुद्धा फुगतात," तो शांतपणे म्हणाला. "मग काय उपयोग? जाऊ दे हे क्लोव्हर."

मी दुखऱ्या गुडघ्याने धावत जाऊन ट्रॅक्टरपुढे उभी राहिले.

"थांब! खोटं बोलले मी. घातलंच नव्हतं वाळलेलं!"

त्याने इंजिन बंद केलं. म्हटलं, आता हा घर डोक्यावर घेणार. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"नक्की?"

"नक्की रे. माझीच चूक. मला हवं ते बोल, पण कुरण नांगरू नकोस."

त्याने स्टिअरिंगवरचे हात काढले.

"त्या रविवारी वाळलेलं घालायचं काम माझं होतं," तो म्हणाला. "चर्चला उशीर होत होता. बाबांनी विचारलं, घातलंस का? मी हो म्हणालो. म्हणून त्यांनी क्लोव्हर नांगरलं. मी बघत उभा होतो, तोंड उघडलं नाही."

मी त्याचा हात धरला. थंडगार होता.

"तू हो म्हणालीस ना, तेव्हा वाटलं, मी घातलं असतं तरी त्या तिघी मेल्याच असत्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा झोपलो गं मी."

कुरण वाचवायला गेले आणि त्याची झोप घेऊन आले.

तो उतरला, नांगर सोडवला. "गाई उपाशी आहेत," म्हणाला आणि माळ्यावर चढला. वरून तो भारे टाकत गेला, आणि मी ते एकेक करून गाईंपुढे सोडत गेले.